सोसायटीत एचपीव्ही लसीचा कॅम्प: काय तपासायचं, कुणाला विचारायचं?

खारघर_सेक्रेटरी
नमस्कार मंडळी. आमच्या सोसायटीत एका खासगी क्लिनिकमार्फत ९ ते १४ वयाच्या मुलींसाठी एचपीव्हीचा (गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविरुद्धच्या लसीचा) कॅम्प घ्यायचं ठरतंय. ग्रुपवर तीन आक्षेप फिरताहेत. पहिला, खोकल्याच्या कोल्ड्रिफ सिरपने मुलं दगावली, मग लस तरी कोण तपासतं? दुसरा, २०२१ मध्ये कांदिवलीच्या सोसायटीत कोविडचं बनावट लसीकरण झालंच होतं. तिसरा, २०१० मध्ये सरकारनेच एचपीव्हीचा प्रकल्प थांबवला होता. लस घ्यावी की नाही हा वाद इथे नको. कॅम्पच्या दिवशी कमिटीने काय बघायचं आणि काही झालं तर कुठे कळवायचं, एवढं सांगा.

शेड्यूल_सी
सिरप आणि लस एका चाळणीतून जात नाहीत, आधी ते सांगतो.

सिरपच्या कारखान्याला परवाना राज्य देतं. ग्लिसरीन, प्रॉपिलिन ग्लायकॉल असा माल आला की त्यात डायइथिलिन ग्लायकॉल हे विष आहे का, हे कारखान्यानेच तपासायचं असतं. मर्यादा ०.१ टक्का. कोल्ड्रिफच्या एसआर-१३ बॅचमध्ये ते ४८.६ टक्के निघालं. एवढा आकडा थोड्याफार चुकीने येत नाही. आवक मालाची चाचणी झालीच नाही, किंवा कागदावरच झाली. औषध निरीक्षक नमुना उचलतो तो बहुतेकदा माल दुकानात पोचल्यावर. १९८६ मध्ये जे. जे. रुग्णालयात १४ रुग्ण गेले तेही याच विषाने, ग्लिसरीनमधूनच. त्याची चौकशी करणाऱ्या लेंटिन आयोगाने तेव्हा एफडीएच्या (राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाच्या) कारभाराची सालं काढली होती. म्हणजे लोकांचा राग अस्थानी नाही.

लसीचं वेगळं आहे. परवान्याला केंद्राची मंजुरी लागते आणि प्रत्येक बॅचचे नमुने व उत्पादनाची नोंद कसौलीच्या केंद्रीय औषध प्रयोगशाळेकडे जाते. तिथून मंजुरी मिळाल्याशिवाय बॅच विकता येत नाही. सगळ्या चाचण्या तिथे पुन्हा होतातच असं नाही, बरीच मदार नोंदी तपासण्यावर असते. पण विक्रीच्या आधीची ही गाळणी सिरपला नाही.

मात्र कसौलीचा शिक्का कारखान्याच्या फाटकापर्यंतच. पुढे वितरक, टेम्पो, क्लिनिकचा फ्रीज. म्हणून कागद मागायचा तो खरेदीचं बिल. क्लिनिककडे औषधविक्रीचा परवाना नसतो, तेव्हा त्यांनी ज्याच्याकडून लस घेतली त्याचं बिल. त्यावर परवाना क्रमांक असतात. लस औषध नियमांतल्या शेड्यूल सी मध्ये (लस, सीरम अशा जैविक औषधांची यादी) येते, त्यामुळे घाऊक विक्रेत्याकडे २१-बी परवाना हवा. नुसता २०-बी (इतर औषधांचा) असेल तर त्याला लस विकताच येत नाही. दुकानदाराकडून घेतली असेल तर फॉर्म २१. बिलावरचा बॅच नंबर, खोक्यावरचा आणि कुपीवरचा एकच आहे का ते बघा. किती कुप्या आल्या, किती मुलींना टोचलं, किती उरल्या, हा हिशेब त्याच दिवशी जुळला पाहिजे. कांदिवलीत फोटो काढू दिले नव्हते आणि सर्टिफिकेटं वेगवेगळ्या हॉस्पिटलांच्या नावाने आली होती. फोटोला नकार आला की कॅम्प तिथेच थांबवा.

शीतसाखळी_नेरुळ
वरच्या बिलाइतकाच महत्त्वाचा बर्फ. लोक उन्हाची काळजी करतात, पण एचपीव्ही, हिपॅटायटिस बी, पेंटा (पाच रोगांची एकत्र लस) या लसी गोठल्याने कायमच्या वाया जातात. त्यांत ॲल्युमिनियमचं क्षार असतं. गोठल्यावर त्याच्या गुठळ्या होतात आणि लसीचा जोर जातो. वरून कुपी ठीकच दिसते. तापमान २ ते ८ अंश, बस्स.

नेहमीची चूक म्हणजे डीप फ्रीजरमधून काढलेले आईस पॅक थेट डब्यात घालणं. पॅक बाहेर ठेवायचे, पृष्ठभागावरचं हिमकण विरघळून हलवल्यावर आत पाणी डुचमळायला लागलं की मगच डब्यात. लसीची खोकी पॅकला चिकटवायची नाहीत. डब्यात डायल किंवा डिजिटल थर्मामीटर असलाच पाहिजे. क्लिनिकमधून निघताना, सोसायटीत पोचल्यावर आणि मग दर तासाला आकडा वहीत उतरवा. क्लिनिकचा फ्रीज घरगुती असेल तर लस दारात किंवा फ्रीजरच्या खालच्या खणात नको, आणि त्यात डबा-भाजी तर मुळीच नको. (हे दृश्य दुर्मीळ नाही.)

गोठल्याचा संशय असेल तर शेक टेस्ट. त्याच बॅचची एक कुपी मुद्दाम घट्ट गोठवून मग वितळवा. ती आणि संशयित कुपी एकत्र हलवून शेजारी ठेवा. संशयित कुपीतला गाळ तेवढ्याच वेगाने खाली बसला तर लस टाका. एक कुपी बळी जाते, म्हणून कुणी करत नाही.

कोपरी_कर
सगळं बरोबर, पण तक्रार करून होतं काय? दुष्परिणाम तपासणारी कमिटीही सरकारचीच, अहवालही त्यांचाच.

लसीकरण_ठाणे
@कोपरी_कर, शंका रास्त आहे. २०१० चं उदाहरण दोन्ही बाजूंनी बोलतं. आंध्रातलं खम्मम आणि गुजरातमधलं वडोदरा इथल्या त्या प्रकल्पात सात मुलींचे मृत्यू झाले. चौकशीत ते लसीमुळे नसल्याचं निघालं. सर्पदंश, बुडणं, विषबाधा अशी कारणं होती. पण संसदीय समितीने २०१३ मध्ये जे ताशेरे ओढले ते संमतीवर होते: वसतिगृहाच्या वॉर्डननी मुलींच्या वतीने सह्या केल्या होत्या. तेव्हा सेक्रेटरीसाहेब, व्हॉट्सॲपवरचा अंगठा म्हणजे संमती नव्हे. पालकाची सही, मुलीची ॲलर्जी आणि आधीचे आजार लिहिलेला कागद, आणि त्यावरच बॅच नंबर.

लसीनंतर काही घडलं तर दुष्परिणाम तपासणारी सरकारी समिती ते वर्गांत टाकते: लसीतल्या घटकामुळे, लसीच्या दर्जातल्या दोषामुळे, देण्यातल्या चुकीमुळे, भीतीमुळे, निव्वळ योगायोगाने, किंवा ठरवता येत नाही. यवतमाळमध्ये २०२१ ला १२ मुलांना पोलिओऐवजी सॅनिटायझर पाजलं गेलं, ते देण्यातल्या चुकीत मोडतं. बॅच नंबर आणि वेळ लिहिलेली नसेल तर प्रकरण शेवटच्या रकान्यात जातं आणि तिथेच मिटतं. कोपरीकर म्हणतात ते बऱ्याचदा असं घडतं.

या वयात सर्वात जास्त दिसते ती चक्कर. रांगेत उभं करून टोचू नका. एक पडली की मागच्या चार पडतात. आडोसा करा, बसवून टोचा, उपाशी कुणी नको, नंतर अर्धा तास बसवून ठेवा. चक्कर आणि ॲनाफायलॅक्सिस (जीवघेणी ॲलर्जी) यातला फरक डॉक्टरलाच कळला पाहिजे: चक्करेत नाडी मंद होते आणि आडवं केलं की मुलगी सावरते, ॲनाफायलॅक्सिसमध्ये नाडी जलद, अंगावर गांधी, श्वासात शिट्टी. त्यासाठी ॲड्रेनलिन १:१००० टेबलावर हवं, मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत, ०.०१ मिलि प्रति किलो. डॉक्टर टोचून निघून जाणार असतील तर कॅम्प नको.

कळवायचं महापालिकेच्या आरोग्य विभागाला, कॅम्पच्या आधीही पत्र देऊन. शिवाय औषध-दुष्परिणामांची देशपातळीवरची हेल्पलाइन १८००-१८०-३०२४, तिथे रुग्ण स्वतः नोंद करू शकतो. लस बनावट वाटली तर राज्याच्या एफडीएचा टोल-फ्री १८००२२२३६५.

खारघर_सेक्रेटरी
खूप आभार. एकच राहिलं. संशय आला तर कुपी आपणच लॅबला देऊ शकतो का?

शेड्यूल_सी
हो. औषध कायद्याच्या कलम २६ नुसार विकत घेतलेलं औषध कुणीही शुल्क भरून सरकारी विश्लेषकाकडे देऊ शकतो; अर्ज फॉर्म १४-ए, सहीचा अहवाल १४-बी. फक्त बिल तुमच्या नावाचं हवं, त्यामुळे क्लिनिककडून पावती सोसायटीच्या नावे बॅच नंबरसकट घ्या. कुपी न फोडलेली द्या, आणि ती पोचेपर्यंत २ ते ८ अंशातच ठेवा, नाहीतर दोष तुमच्या डब्याचा असं म्हणायला त्यांना जागा मिळते.