1.2 वालं सूत्र हलक्या न्यूक्लियसला शिकवायचं का? (लिथियम-11 चं प्रकरण)

कोथरूडकर:
बारावीचे क्लास घेतो. काल एका पोराने विचारलं, सर या सूत्राने सगळ्याच न्यूक्लियसची (अणूच्या केंद्रकाची) त्रिज्या येते का, आणि मी सवयीने हो म्हणून गेलो, मग घरी येऊन बघितलं तर 1.2 गुणिले वस्तुमानांकाचं (प्रोटॉन अधिक न्यूट्रॉनचं) घनमूळ, लिथियम-11 ला 2.67 फर्मी (एक फर्मी म्हणजे 10⁻¹⁵ मीटर) येतं आणि मोजलेली 3 च्या वर आहे. माझं मत, हलक्यांसाठी हे सूत्र शिकवूच नये.

पेठी काका:
एका लिथियमपायी सूत्र मोडीत? त्याचं अर्धायुष्य 9 मिलिसेकंदसुद्धा नाही हो. आणि त्याच्या विद्युतभाराची त्रिज्या साधारण 2.5 आहे, म्हणजे तुमच्या 2.67 पेक्षा कमीच! प्रोटॉन जिथवर तिथवर न्यूक्लियस. गाभ्याबाहेर भटकणारे त्याचे दोन न्यूट्रॉन म्हणजे वाघोलीचे फ्लॅट, पुणं फक्त जाहिरातीत.

लॅबवाली:
दोघंही चुकताय 😀 2.67 ही गोळ्याची कड झाली, मोजलेले आकडे वर्गमध्यमूळ त्रिज्येचे (केंद्रापासूनच्या अंतरांच्या वर्गांची सरासरी, तिचं वर्गमूळ) असतात, म्हणून आधी 0.775 ने गुणा, 2.07 येतं. म्हणजे काकांचं 2.5 पण सूत्रात बसत नाही. आणि 3 च्या वरचा आकडा हवेतला नाही, 1985 ला जपानी भौतिकशास्त्रज्ञ तानिहातांच्या टीमने अमेरिकेत बर्कलीत लिथियमचा झोत टार्गेटवर मारला आणि किती केंद्रकं धडकून बदलली त्यावरून आकार काढला, त्यात न्यूट्रॉनही धरले जातात. भाराची त्रिज्या लेझरने, तिथे प्रोटॉनच दिसतात. राहिलं वाघोलीचं. एक न्यूट्रॉन काढा, लिथियम-10 टिकत नाही, आणि नुसते दोन न्यूट्रॉन एकमेकांना धरून राहत नाहीत, गाभा आणि ते दोघे अशा तिघांचा संसार एकत्रच चालतो.

पेठी काका:
मान्य, पण ही सगळी नाजूक मंडळी. रोजच्या न्यूक्लियसचं बोला.

लॅबवाली:
फुग्यातला हीलियम-4 घ्या, त्याच्याइतका घट्ट बांधलेला हलका न्यूक्लियस सापडणं अवघड. 0.775 ने गुणून सूत्र म्हणतं 1.48. इलेक्ट्रॉनच्या जागी 207 पट जड म्युऑन फिरवून, तो न्यूक्लियसच्या इतका जवळून जातो की त्रिज्येचा परिणाम ठळक दिसतो, तसं 2021 ला मोजलं ते 1.678.

कोथरूडकर:
म्हणजे फुगापण गेला. सोमवारी त्या पोराला काय सांगू आता.

पेठी काका:
शिसं-208 करायला द्या त्याला. सूत्राने, 0.775 धरून, 5.51, मोजलेली 5.50. मार्क तिथेच मिळतात.