मामांची २०१० ची ई-क्लास शेडमध्ये उभी आहे, सुरुवात कुठून करू?

अंबडकर
राम राम मंडळी. गाडी मर्सिडीज ई २५० सीडीआय, डिझेल, एमएच-२०, ऑक्टोबर २०१० ची. तारखेवरूनच जाणत्यांनी ओळखलं असेल. तेव्हाच्या औरंगाबादेत लोकांनी मिळून एकदम १५० मर्सिडीज घेतल्या होत्या, ६५ कोटींचा सौदा, सगळ्या पेपरांत फोटो. त्यातली एक आमच्या मामांची. मामा पंधरा दिवस पेढे वाटत फिरले आणि मामी पंधरा दिवस "एवढ्यात रान आलं असतं" म्हणत बसल्या.

मामा गेले. मामींनी चावी माझ्या हातात दिली, "विकू नको, चालव." तेव्हापासून सव्वादोन वर्षं ती आमच्या अंबडच्या शेडमध्ये, सोयाबीनच्या पोत्यांशेजारी ताडपत्रीखाली उभी आहे. चूक माझीच. रीडिंग ८८ हजार. शेवटचं डिझेल अर्धी टाकी.

आज ताडपत्री काढली. रिमोट चालत नाही, दार उघडत नाही. बॅटरी डिकीत आहे म्हणतात आणि डिकी बॅटरीशिवाय उघडत नाही! ट्रॅक्टरची सर्व्हिसिंग मी स्वतः करतो, बुलेट अख्खी खोलून जोडलीय. सव्वा लाखापर्यंत खर्च करायची तयारी आहे. घरी काय काय करता येईल आणि कशाला हात लावू नये?

सेकंडहँड_शहाणा
विका. सव्वा लाखात या गाडीची नुसती तोंडओळख होते.

अंबडकर
मामींना तुमचा नंबर देऊ का?

नट_बोल्ट
अंबडकर, मी नांदेडचा. माझ्याकडे १९९६ ची ई २२० आहे, पुण्यात जुळलेली, अकरा वर्षं घरीच सांभाळतोय. तुमची गाडी माझ्यापेक्षा नवी, म्हणून जास्त नाजूक. माझ्या गाडीत तार तुटली तर तार दिसते, तुमच्या गाडीत डॅशबोर्डवर निबंध येतो.

आधी दार. रिमोटच्या बुडाशी एक छोटी खिटी आहे, ती सरकवली की आतून लोखंडी चावी निघते. ती ड्रायव्हरच्या दाराला लावा. आत पायाशी डावीउजवीकडे बॉनेटचा खटका शोधा, ओढा. बॉनेटखाली लाल टोपणाचा पॉइंट दिसेल, तो पॉझिटिव्ह. निगेटिव्ह बॉडीच्या अर्थला. तिथून चार्जर लावला की डिकी उघडेल. ट्रॅक्टरची बॅटरी आणून धाडकन जंप देऊ नका. एजीएम (आम्ल काचेच्या चटईत शोषलेली सीलबंद बॅटरी) मोडचा स्मार्ट चार्जर घ्या, पुढंही कामाला येईल. सव्वादोन वर्षं मेलेली बॅटरी उठणार नाही, नवी एजीएमच घ्या, साधी टाकू नका.

आणि करंट आला म्हणून लगेच स्टार्टर मारू नका. आधी बॉनेटखाली काय दिसतंय ते इथं लिहा.

डबल_क्लच
ब्रेकला अजिबात हात लावू नका हं. ई-क्लासला एसबीसी, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पंपावर चालणारे ब्रेक असतात, दार उघडलं तरी पंप आपोआप प्रेशर बनवतो. पॅड काढताना बोटं जातात.

नट_बोल्ट
धोका खरा, गाडी चुकली. एसबीसी आधीच्या पिढीला होतं, डब्ल्यू २११ ला, तेही २००६ पर्यंतच. अंबडकरांची डब्ल्यू २१२ आहे, साधे हायड्रॉलिक ब्रेक. पॅड घरी बदलता येतील. ब्रेक ऑइल मात्र बदलाच, ते हवेतली ओल पितं. उभ्या गाडीतसुद्धा.

अंबडकर
दार उघडलं, बॉनेट उघडलं. आणि काय सांगू.

एअर फिल्टरचा डबा खोलला तर आत सोयाबीनची टरफलं, सुतळीचे तुकडे आणि आमच्या शेडमधल्या जुन्या गोधडीचा कापूस. मधोमध वाटीएवढा खळगा, अगदी नीट गोल केलेला. फिल्टरचा एक कोपरा पार कुरतडलाय. इंजिनच्या उजव्या अंगाला एका जाड वायरच्या गुंडाळीवरची कापडी पट्टी खाल्लीय, आतल्या दोन तारांचं तांबं उघडं पडलंय. एक तपकिरी, एक निळी-पिवळी.

घरच्यांनी नाक दाबून पाहिलं आणि गेले. मामींना अजून सांगितलं नाही.

वाळूजकर
दादा, फिल्टरचा डबा काढल्यावर त्याच्या पुढचा पाइपबी टर्बोपर्यंत बघून घ्या. आमच्याकडं एकाची स्कॉर्पिओ अशीच होती, टरफल टर्बोत गेलं आन मग नुसता शिट्टी वाजवायला लागली. हवेच्या प्रेशरनं आत फुंकायचं नाही, व्हॅक्युमनं वढून काढायचं.

तारांला टेप गुंडाळून सोडू नका. सोल्डर नाहीतर क्रिंप (पकडीनं दाबून जोड), त्याच्यावर डिंकवाली हीट श्रिंक, म्हंजी तापवल्यावर आवळणारी नळी, वरून कापडी टेप. मी एमआयडीसीत गाड्यांच्या वायरिंग हार्नेसवरच काम करायलोय, सांगायलो म्हणून.

नट_बोल्ट
वाळूजकरांनी लाखाची गोष्ट सांगितली. त्यात एक जोड: तारा जोडताना दोन्ही एकाच ठिकाणी जोडू नका, जोड पुढंमागं ठेवा.

आता डिझेल. टाकीतल्या हवेतली वाफ थंड होऊन पाणी होतं, ते डिझेलखाली बसतं, तिथं बुरशी धरते. डिझेल फिल्टर काढा, त्यातलं डिझेल काचेच्या बरणीत ओता (लोणच्याची नको, घरात भांडण होईल), रात्रभर हलवू नका. सकाळी तळाशी थर दिसला, किंवा मधे काळपट जाळी तरंगली, तर टाकी पूर्ण रिकामी करायची. नुसतं नवं डिझेल वर ओतून चालणार नाही. तुमचं ओएम ६५१ इंजिन आहे, कॉमन रेल (जबर दाबानं डिझेल देणारं), आणि सुरुवातीच्या गाड्यांना पायझो, म्हणजे विजेच्या स्फटिकावर चालणारे नाजूक इंजेक्टर आहेत. त्यांची किंमत ऐकलीत की सोयाबीनचा भाव आठवेल.

इंजिन ऑइल पहिल्या स्टार्टच्या आधीच बदला. साडेसहा लिटर बसतं, डब्यावर एमबी २२९.५१ हा मर्सिडीजचा मंजुरी नंबर लिहिलेला हवा. मग पुढच्या पुलीच्या बोल्टला सॉकेट लावून घड्याळाच्या दिशेनं हातानं दोन फेरे फिरवा. अडलं तर जोर करू नका, तसंच सोडून इथं विचारा.

टायमिंग चेन या इंजिनात मागं, गिअरबॉक्सच्या बाजूला आहे. पहिल्या स्टार्टला दोनतीन सेकंदांपेक्षा जास्त खडखड आली तर बंद करा. ते काम घरचं नाही.

अंबडकर
बरणीत खाली बोटाएवढं पाणी आलं. टाकी रिकामी करतोय. रेडिएटरमधे पाणी कमी दिसतंय, तोवर बोअरचं टाकू का?

वाळूजकर
आरं नको!

नट_बोल्ट
आपल्या बोअरच्या पाण्यात क्षार किती ते घरातल्या गिझरची कॉइल काढून बघा. तोच पांढरा थर रेडिएटरच्या नळ्यांत बसतो आणि मे महिन्यात सिल्लोडच्या घाटात गाडी उकळते. डिस्टिल्ड वॉटर आणि मर्सिडीजला चालणारं कूलंट, निम्मं निम्मं. हिरवं, निळं, लाल यात रंगावर जाऊ नका, डब्यावर एमबी ३२५.० आहे का ते बघा. जुनं कूलंट पूर्ण काढून टाका, सव्वादोन वर्षं त्यानं काय केलंय कुणास ठाऊक.

धुवायलाही बोअरचं पाणी नको. बोअरच्या पाण्यानं उन्हात गाडी धुतली की काचेवर आणि काळ्या रंगावर पांढरे ठिपके बसतात, मग ते घासून निघत नाहीत. २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं तेव्हा माझ्या लातूरच्या मित्रानं आख्खं वर्ष गाडी ओल्या मायक्रोफायबरनं नुसती टिपली. त्याचा रंग आमच्या सगळ्यांपेक्षा चांगला राहिला.

डबल_क्लच
टायर? ते तरी बरोबर सांगतो. बाजूवर डीओटी लिहून शेवटी चार आकडे असतात. ३२१७ म्हणजे २०१७ चा ३२ वा आठवडा. तुमचे सहा वर्षांपेक्षा जुने असतील तर नक्षी कितीही दिसू दे, बदला. एकाच जागी उभी होती म्हणजे चपटेही पडले असतील.

अंबडकर
२८१६. चारही. गेले चाळीसेक हजार.

दुसरं, सीटचं लेदर कडक पडलंय. मामींनी खोबरेल तेल सुचवलंय.

नट_बोल्ट
तेल नको, उंदीर परत येईल. बघा आधी ते लेदर आहे का. आपल्याकडच्या बऱ्याच ई-क्लासना आर्टिको असतं, म्हणजे कृत्रिम कातडं. त्याला लेदर कंडिशनर म्हणजे प्लास्टिकच्या बादलीला मलम. कोमट पाणी, थोडा सौम्य साबण, मऊ ब्रश, पुसून सावलीत वाळवा. खरं लेदर आहे का ते सीटच्या खालच्या, अस्तराकडच्या बाजूनं कळतं.

विधिज्ञ_परभणी
नटबोल्टांची चर्चा रंगलीय, पण गाडी रस्त्यावर आणायच्या आधी कागद बघा. खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, म्हणजे तुमची ऑक्टोबर २०२५ मध्ये संपली. नूतनीकरणाला नमुना २५, पुढं पाच वर्षं मिळतात. पण त्याआधी मालकी. मामा हयात नाहीत, तर नमुना ३१ वर वारसाच्या नावे, बहुधा आधी मामींच्या नावे करून मग तुमच्या. पर्यावरण कर, विमा, पीयूसी, शिवाय एचएसआरपी, म्हणजे हाय सिक्युरिटी नंबर पाटी. आरटीओत गाडी दाखवायला न्यावी लागते. तिथपर्यंत चालवत नेऊ नका, अपघात झाला तर विमा हात वर करेल.

वाळूजकर
फ्लॅटबेडवरच न्या. मागची चाकं जमिनीवर ठेवून वढत नेली तर ऑटोमॅटिक गिअरबॉक्स जातो, मागच्या चाकांची गाडी हाय ती. आन खालून काम करताना नुसत्या जॅकवर भरोसा ठेवू नका दादा. स्टँड लावा, चाकबी काढून खाली सरकवून ठेवा. मातीत तर अजिबात नको, फरशीवर.

इंजेक्टर-चेनचं काम निघालं तर छत्रपती संभाजीनगरातच बघा. शेंद्र्याला स्कोडा-ऑडी जुळतात, त्यामुळं जर्मन गाडीवर हात बसलेली पोरं बाहेरच्या गॅरेजातबी सापडतात. पार्टला पुण्याची नाना पेठ. चॅसिस नंबर सांगितल्याबिगर काही घेऊ नका.

अंबडकर
तीन आठवड्यांनी लिहितोय. टाकी साफ, फिल्टर तीन, ऑइल, कूलंट, ब्रेक ऑइल, एजीएम बॅटरी, तारा वाळूजकर सांगतील तशा जोडल्या. पुलीला सॉकेट लावून फिरवलं, मऊ फिरलं. टायर अजून घेतले नाहीत. आतापर्यंत एकोणपन्नास हजार गेले.

काल संध्याकाळी चावी घातली. स्टिअरिंगचा लॉक सुटताना टर्र आवाज आला. तिसऱ्या स्टार्टरला धरली. खडखड साधारण दोन सेकंद, मग शांत. पांढरा धूर बराच, पाच मिनिटांनी गेला. डॅशबोर्डवर सात सूचना आल्या.

नट_बोल्ट
सात ठीक आहेत. बऱ्याच नुसत्या कमी व्होल्टेजच्या असतात. दोनपाचशेचा स्कॅनर फक्त इंजिन वाचतो, मर्सिडीजचे सगळे मोड्यूल (ब्रेक, एसी वगैरेंचे छोटे कॉम्प्युटर) वाचणारा कुणाकडून तरी आणा, सगळे कोड लिहून ठेवा, पुसा, दोन दिवसांनी परत बघा. परत येतील तेच खरे.

मामी काय म्हणाल्या?

अंबडकर
मागच्या सीटवर जाऊन बसल्या. एसी लावायला सांगितला. गार हवा यायला लागली तशी म्हणाल्या, "उंदराचा वास येतोय."

केबिन फिल्टर कुठं असतो या गाडीत?