लाल पेन झिजलं तरी निबंध सुधरत नाहीत, अकॅडेमिक इंग्लिश नेमकं शिकवायचं कसं?

तासिका_दुसरी

नमस्कार. मी विद्यापीठात पदव्युत्तरच्या पहिल्या वर्षाला अकॅडेमिक इंग्लिश शिकवते. १२ आठवडे, आठवड्याला २ तास, वर्गात ३५ मुलं, मातृभाषा पाच-सहा वेगवेगळ्या आणि विषय पण सगळ्यांचे वेगळे. बोलायला इंग्लिश बऱ्यापैकी येतं सगळ्यांना, वर्गात प्रश्न विचारतात, मेल लिहितात, काही अडत नाही. पण १५०० शब्दांचा निबंध दिला की सगळं विस्कटतं. एकेक वाक्य सुटं काढून बघितलं तर ठीक असतं, पण दोन पानं वाचून झाली तरी या मुलाला म्हणायचंय काय ते हाती लागत नाही. मागच्या सत्रात मी प्रत्येक निबंधातली प्रत्येक चूक लाल पेनाने दुरुस्त केली, एकेकाला ४० मिनिटं लागायची, आणि पुढच्या निबंधात परत त्याच चुका, नामाआधीचं 'द' (the) गायब, काळ चुकलेला, सगळं तसंच.

दुसरं म्हणजे काहींचे परिच्छेद मूळ लेखातून जवळपास उचललेले असतात, दोन-चार शब्द बदलून. एका मुलीला विचारलं तर ती रडायलाच लागली, म्हणाली मॅडम मी चोरी नाही केली हो, मला ते याहून चांगलं सांगताच येत नव्हतं. ते मनातून जात नाहीये. व्याकरण परत पहिल्यापासून घेऊ का? की मी चुकीच्या जागी जोर लावतेय?

खडूवाला

मॅडम, जोर चुकीच्या जागी लागतोय असं मला वाटतं, आणि हे मी वीस वर्षं तेच करून सांगतोय. सगळ्या चुका दुरुस्त करण्याने काही होत नाही असं भाषाशिक्षणाचे अभ्यासक जॉन ट्रस्कॉट यांनी १९९६ मध्ये सरळ लिहिलं होतं, त्यावर याच क्षेत्रातल्या डेना फेरिसने १९९९ मध्ये उत्तर दिलं आणि तो वाद पुढे बरीच वर्षं चालला. दोघांचं वाचून मी माझ्यापुरतं हे ठरवलं की एका निबंधात दोनच प्रकारच्या चुका बघायच्या, त्या आधी मुलांना सांगून ठेवायच्या, आणि बाकीच्यांना पेन लावायचं नाही. जॉन बिचनरने पुढे नेमकं 'अ' आणि 'द' वर काम केलं, पहिल्यांदा उल्लेख आला की 'अ', तीच गोष्ट परत आली की 'द', बस एवढ्याच वापरावर लक्ष ठेवून दुरुस्त्या दिल्या तर मुलं सुधारली आणि ते टिकलंही.

पण तुमचा खरा प्रश्न 'म्हणायचंय काय' हा आहे आणि त्याचं उत्तर व्याकरणात नाही. जॉन स्वेल्सने १९९० मध्ये शोधनिबंधाच्या प्रस्तावनेचे तीन टप्पे मांडले, आधी हा विषय महत्त्वाचा का आणि आत्तापर्यंत काय झालंय, मग त्यात काय राहून गेलंय, मग मी इथे काय करतोय. मी वर्गात काय करतो, मुलांच्याच विषयातल्या एका लेखाची प्रस्तावना प्रिंट काढतो, वाक्यावाक्याच्या पट्ट्या कापतो, पाकिटात भरून देतो आणि लावा म्हणतो. लावताना जी भांडणं होतात ना त्यात निम्मं शिकणं होतं, कारण 'हाऊएव्हर' वाली पट्टी कुठे ठेवायची यावर वाद सुरू झाला की मुलांना आपसूक कळतं की इथे लेखक वळण घेतोय, आत्तापर्यंत दुसऱ्यांचं सांगत होता आणि आता राहिलेली फट दाखवतोय. मग त्यांच्या स्वतःच्या निबंधात ती फट कुठल्या वाक्यात आहे ते अधोरेखित करायला सांगा. बहुतेकांकडे ते वाक्यच नसतं, आणि ते त्यांचं त्यांनाच दिसतं, तुम्हाला लाल पेन लागतच नाही.

प्रबंध_चालू_आहे

ताई, तुमच्या त्या रडणाऱ्या मुलीसाठी लिहितेय कारण मी तीच होते. मी पहिल्या वर्षी असंच करायचे, मूळ वाक्य समोर ठेवायचं, एकेका शब्दाला पर्यायी शब्द शोधायचा, आणि ते माझं झालं असं खरंच वाटायचं. याला पॅचरायटिंग म्हणतात, रिबेका हॉवर्डने १९९० च्या दशकात हा शब्द आणला, आणि तिचं म्हणणं होतं की हा शिकण्यातला एक टप्पा आहे, याला सरसकट चोरी म्हणून शिक्षा करू नका. मला त्या वेळी हे कोणी सांगितलं असतं तर एक अख्खं वर्ष भीतीत गेलं नसतं.

माझं सुटलं ते असं. गाइडनी लेख बंद करायला लावला आणि म्हणाल्या, आता मला तोंडी सांग त्यात काय आहे, तुझ्या भाषेत सांग. मी मराठीत सांगितलं, तीन वाक्यांत. मग म्हणाल्या आता हेच इंग्लिशमध्ये लिही, लेख उघडू नकोस, फक्त आकडे आणि नावं नंतर तपास. ती तीन वाक्यं साधी होती पण माझी होती. वाचलेलं समजलेलं नसेल तर तोंडी सांगताच येत नाही, म्हणजे अडचण लिहिण्याची नाही, वाचण्याची आहे हे पण तिथेच कळतं. वर्गात मातृभाषा वापरू द्या ताई, प्लीज, जोडीला त्याच भाषेचं कोणी नसेल तर मोबाइलवर रेकॉर्ड करू द्या.

आणि दुसऱ्याचं मत सांगायची क्रियापदं. मी सगळीकडे 'सेज' लिहायचे. मराठीत आपण 'तो आजारी आहे' आणि 'तो म्हणे आजारी आहे' यात फरक करतोच ना, त्या एका 'म्हणे' मध्ये आपण हात झटकून मोकळे होतो. इंग्लिशमध्ये ते काम क्रियापद करतं. 'शोज' लिहिलं की मी त्या लेखकाचं मान्य केलं, 'क्लेम्स' लिहिलं की मी जरा लांब उभी राहिले, 'आर्ग्यूज' म्हणजे तो मुद्दा मांडतोय, मान्य करायचं की नाही ते पुढे बघू. हे कळल्यावर माझ्या लिखाणात पहिल्यांदा मी दिसायला लागले.

शब्दवेडा

वरचं सगळं पटतं पण शब्द नसतील तर मुलं करणार काय? ॲव्हरिल कॉक्सहेडची अकॅडेमिक वर्ड लिस्ट बघा, २००० मध्ये आली, ५७० शब्दकुटुंबं (म्हणजे एक शब्द आणि त्याची सगळी रूपं) आहेत आणि अकॅडेमिक लिखाणातले साधारण १० टक्के शब्द त्यातले असतात. रोज १० घेतले तर दोन महिन्यांत संपते. मी सुरुवात इथूनच करतो.

खडूवाला

@शब्दवेडा यादी चांगलीच आहे, पण पाठ करून घेऊ नका. माझ्या मुलांनी 'एव्हिडन्स' पाठ केला आणि 'मेनी एव्हिडन्सेस' लिहिलं, 'रिसर्च' पाठ केला आणि 'डिड अ रिसर्च' लिहिलं. शब्द एकटा येत नाही, तो शेजाऱ्यांसकट घ्यावा लागतो. त्यांच्या विषयाच्या लेखात तो शब्द जिथे आलाय ती पाच वाक्यं शोधून आणायला सांगा, त्याच्या आधी काय येतं, नंतर काय येतं ते लिहू द्या. आठवड्याला १० शब्द झाले तरी पुष्कळ.

आकडेमोड

मी भाषेचा नाही, संख्याशास्त्र शिकवतो, पण तुमच्याकडून येणारी मुलं माझ्याकडेच लिहितात म्हणून बोलतो. सर्वात जास्त त्रास मला 'प्रूव्ह्ज' चा होतो. ३० जणांचा सर्व्हे करतात आणि 'धिस प्रूव्ह्ज' लिहितात. कितीही सांगा 'सजेस्ट्स' लिही, त्यांना वाटतं मग आपण घाबरट वाटू. शेवटी मी एकदा मराठीतून सांगितलं, घराला कुलूप आहे, पेपर दारातच पडलाय, तर आपण काय म्हणतो, 'गावाला गेले असावेत'. 'गेले' असं ठासून म्हणत नाही कारण आपण पाहिलेलं नाही. ते 'असावेत' म्हणजे भित्रेपणा नाही, जेवढं माहीत आहे तेवढंच बोलणं आहे. 'मे' आणि 'सजेस्ट्स' तेच करतात. वर्गातल्या दुसऱ्या भाषेच्या मुलांना विचारलं, प्रत्येकाकडे असं काही ना काही निघालं. मात्र रिझल्ट्सच्या भागात हे नको, सरासरी ४.२ आली तर ४.२ आली, तिथे 'मे बी' लिहिलेलं मी खोडतो. अंदाज डिस्कशनमध्ये करायचा. हा फरक भाषेच्या तासाला सांगितलात तर आमचं फार काम होईल.

तासिका_दुसरी

सगळ्यांचे मनापासून आभार. तीन आठवडे थांबून लिहितेय कारण आधी करून बघायचं होतं. पट्ट्यांचा प्रयोग केला, पण एकच लेख सगळ्यांना दिला ती चूक झाली, इतिहासाच्या मुलांना रसायनशास्त्राची प्रस्तावना लावताच येईना. दुसऱ्या वेळी विषयवार गट केले आणि इतिहासवाले म्हणाले मॅडम आमच्या लेखात हे तीन टप्पे सरळ येतच नाहीत, फट तिसऱ्या पानावर आहे. ते स्वतः शोधून सांगत होते, मी फक्त ऐकत होते.

त्या मुलीला लेख बंद करून बोलायला लावलं. तिच्या भाषेत ती सात-आठ मिनिटं बोलली, मला ती भाषा येत नाही पण कळत होतं की हिला समजलंय. मग चार ओळी लिहिल्या. दोन ठिकाणी 'द' नव्हता, मी काही बोलले नाही.

एक विचारायचं राहिलं. हे सगळं करताना मार्क कशाला द्यायचे? आमच्या तक्त्यात व्याकरणाला ४० टक्के आहेत.

खडूवाला

तक्ता बदलायला वेळ लागेल, तो अर्ज आजच टाका. तोपर्यंत त्या ४० मध्ये 'आधी ठरवलेल्या दोन चुका' एवढंच मोजा आणि मुलांना ते पहिल्याच दिवशी लिहून द्या. आणि पहिल्या मसुद्याला मार्क देऊ नका, नुसतं वाचून 'तुझं म्हणणं मला असं कळलं' एवढी एक ओळ खाली लिहा. ती ओळ चुकली तर मूल स्वतः धावत येतं सांगायला.