चर्चा: औषध कॅन्सरच्या गाठीवर द्यायचं की तिच्या भोवतालच्या कोलॅजेनवर?

ओरल पॅथॉलॉजी, नागपूर
आपल्याकडे तोंडाच्या कॅन्सरची चर्चा तंबाखूवरच थांबते. पन्नीत घोटलेल्या खर्ऱ्यात सुपारीही असते, आणि माझा मुद्दा तिच्याबद्दल आहे. सुपारीतलं तांबं लाळेत उतरतं आणि गालाच्या अस्तराखाली पोचतं. तिथे फायब्रोब्लास्ट पेशी कोलॅजेन तयार करतात आणि लायसिल ऑक्सिडेज हे एन्झाइम त्याचे धागे एकमेकांना सांधतं. या एन्झाइमला तांब्याशिवाय काम करता येत नाही. ते कोलॅजेनमधल्या लायसिन या अमिनो आम्लाच्या टोकाचा अमिनो गट काढून तिथे अल्डिहाइड बनवतं. मग शेजारच्या धाग्यांशी आपोआप पक्के सांधे जुळतात. असं कोलॅजेन शरीराच्या एन्झाइमांना सहजी तोडता येत नाही. गाल पांढरा पडतो, ताठरतो आणि तोंडात दोन बोटंही जात नाहीत. हाच सबम्युकस फायब्रोसिस. केरळात अशा रुग्णांचा 17 वर्षं पाठपुरावा झाला तेव्हा 7.6 टक्क्यांना कॅन्सर झालेला आढळला.

गाठ झाल्यावरही सांधणं चालूच राहतं. ताठर ऊती पेशीच्या पृष्ठभागावरच्या इंटेग्रिन या प्रथिनांवर ताण देते आणि पेशीला वाढीचे संदेश मिळत राहतात. स्तनाच्या कॅन्सरच्या उंदरांमध्ये हे एन्झाइम अडवल्यावर ऊतीचा ताठरपणा आणि गाठींची वाढ दोन्ही कमी झाल्याचं 2009 मध्ये दाखवलं गेलं. गाठीतल्या पेशी म्युटेशन करून औषधाला चकवतात, भोवतालच्या फायब्रोब्लास्टना ते तितकं साधत नाही. म्हणून लक्ष्य तिथे धरावं, असं माझं ठाम मत आहे.

मेडिकल ऑन्कॉलॉजी
मॅडम, उंदीर बरे झाले, माणसं झाली नाहीत. सिम्टुझुमॅब ही लायसिल ऑक्सिडेज कुटुंबातल्या एलओएक्सएल-2 विरुद्धची अँटिबॉडी. स्वादुपिंडाच्या कॅन्सरमध्ये जेमसायटाबिन आणि आतड्याच्या कॅन्सरमध्ये फॉल्फिरी या केमोथेरपीसोबत दिली. दोन्हीकडे काही फायदा झाला नाही. गाठीभोवतालच्या ऊतीतलं हायल्युरोनन विरघळवणाऱ्या पेग-हायल्युरोनिडेजचं उदाहरण घ्या. स्वादुपिंडाच्या कॅन्सरमध्ये 494 रुग्णांची तिसऱ्या टप्प्याची ट्रायल झाली, आणि मध्यम आयुर्मान औषध घेणाऱ्यांत 11.2 महिने, न घेणाऱ्यांत 11.5! त्याआधी 2014 मध्ये उंदरांच्या स्वादुपिंडातल्या गाठीभोवतालच्या पेशी कमी करून पाहिल्या, तर कॅन्सर जास्तच आक्रमक झाला. भोवतालची ऊती गाठीला बांधूनही ठेवते, हे विसरून चालणार नाही.

ओरल पॅथॉलॉजी, नागपूर
2014 च्या त्या प्रयोगांत पेशीच काढल्या होत्या. मी पेशी काढा म्हणत नाही, सांधे थांबवा म्हणते. सिम्टुझुमॅबचं म्हणाल, तर ती एन्झाइमच्या क्रियास्थळावर बसतच नाही, दुसऱ्याच भागाला चिकटते. शिवाय या कुटुंबात पाच एन्झाइमं आहेत. एक अडवलं तरी चार मोकळी. पाचही अडवणारे लहान रेणू आता आहेत, तोंडाने घेता येणारे. आणि मुख्य म्हणजे आधीच झालेले सांधे यातलं कुठलंच औषध तोडत नाही. पसरलेल्या कॅन्सरमध्ये ते देणं म्हणजे मुळात उशिरा देणं.

हेड-नेक सर्जन
जबडा काढून तिथे दुसरीकडची ऊती (फ्लॅप) बसवल्यावर टाक्यांची जागा धरून ठेवतं ते हेच सांधलेलं कोलॅजेन. लायसिल ऑक्सिडेज नसलेले उंदीर जन्माच्या सुमारास महाधमनी फुगून, फुटून मरतात. म्हणजे औषध शस्त्रक्रियेआधी बंद करायचं, जखम भरेपर्यंत द्यायचं नाही, आणि सहा आठवड्यांच्या आत रेडिएशन सुरू करायचं. मग द्यायचं कधी?

बायोकेमिस्ट्री, प्रोटिऑमिक्स
द्यायचं कधी ते नंतर बघू, आधी मोजणार कसं ते ठरवा. पिक्रोसिरियस रेडचा रंग आणि हायड्रॉक्सिप्रोलिनची मोजणी कोलॅजेन किती ते सांगतात, सांधे किती ते नाही. फॉर्मलिनमधला नमुना इथे कामाचा नाही, कारण फॉर्मलिन स्वतःच लायसिनला पकडून सांधे करतं. बायोप्सीचा तुकडा ताजा गोठवून उणे 80 अंशांवर ठेवा. कच्चे सांधे मोजायचे असतील तर आधी सोडियम बोरोहायड्राइडने ते पक्के करून घ्या, नाहीतर आम्लात टिकत नाहीत. मग 6 नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्लात 110 अंशांवर सुमारे 24 तास ठेवून पायरिडिनोलिन, म्हणजे पिकलेल्या सांध्याचा रेणू, मास स्पेक्ट्रोमेट्रीने मोजा.

आणखी एक. प्रथिनं कापायला वापरतो ते ट्रिप्सिन लायसिनपाशी कापतं, पण बदललेल्या लायसिनपाशी कापत नाही. त्यामुळे नळीच्या तळाशी न विरघळलेला गोळा उरतो आणि बरेच जण तो फेकून देतात. सर्वात जास्त सांधलेलं कोलॅजेन त्या गोळ्यातच असतं! तोंडाची एक सोय मात्र आहे: स्वादुपिंडाचा तुकडा पुन्हा पुन्हा घेता येत नाही, गालाचा घेता येतो.

एमडीएस विद्यार्थी
या एन्झाइमला अडवणारं बीएपीएन आपल्या लाखोरी डाळीत असतं असं ऐकलं होतं. खरं का?

बायोकेमिस्ट्री, प्रोटिऑमिक्स
नाही. बीएपीएन तिच्या भाऊबंद स्वीट पीच्या बियांत असतं. लाखोरीतलं विष ओडॅप. ते चेतापेशींवर जातं आणि पाय लुळे पडतात.

मेडिकल ऑन्कॉलॉजी
मोजमापाचा मुद्दा मला मान्य. तांबं कमी करणारं टेट्राथायोमॉलिब्डेट स्तनाच्या कॅन्सरमध्ये दिलं, तेव्हा रक्तात तांबं वाहून नेणारं सेरुलोप्लाझ्मिन डेसिलिटरमागे 17 मिलिग्रॅमच्या खाली ठेवायचं असं लक्ष्य होतं. निदान औषध पोचलं की नाही ते कळत होतं. पण 75 रुग्णांच्या त्या ट्रायलमध्ये तुलनेचा गटच नव्हता.

आता मॅडमच्या ‘लवकर द्या’कडे येतो. लवकर म्हणजे फायब्रोसिसमध्ये, कॅन्सर व्हायच्या आधी. तुम्हीच दिलेल्या 7.6 टक्क्यांनी हिशेब केला तर शंभरातल्या नव्वदहून जास्त जणांना कॅन्सर होणारच नव्हता. त्यांना वर्षानुवर्षं महाधमनीचा धोका असलेली गोळी द्यायची? खर्रा सुटल्याशिवाय तर तांबं रोज नव्याने येत राहणार.

ओरल पॅथॉलॉजी, नागपूर
सगळ्यांना नकोच. बायोप्सीत डिसप्लेझिया (पेशींतले कॅन्सरपूर्व बदल) दिसलेले, खर्रा सोडलेले आणि शस्त्रक्रिया ठरलेली नाही असे रुग्ण घ्या. औषध सहा महिने द्या. सुरुवातीला आणि शेवटी महाधमनीचा इको करा. व्हर्नियरने दातांमधलं अंतर मिलिमीटरमध्ये मोजा, गोठवलेल्या तुकड्यात पायरिडिनोलिन पाहा, आणि तुलनेचा गट पहिल्या दिवसापासून ठेवा. त्यात सांधे कमी झाले नाहीत, तर मी हे लक्ष्य सोडून देईन.