मदत हवी आहे: मॉरिशस–रॉड्रिग्ज विमानाला नक्की किती वेळ धरायचा?

नमस्कार मंडळी,

गणपतीत आईला घेऊन मॉरिशसला जातेय. बहीण तिथे नोकरीला आहे. चतुर्थीची तिथे सरकारी सुट्टी असते, त्यामुळे तिच्याबरोबर कास्कावेल गावचा गणपती बघायचा आणि मग आई आणि मी रॉड्रिग्ज बेटावर जायचं, असा बेत आहे.

घोळ वेळेचा आहे. अंतर काढून देणाऱ्या एका साइटवर उड्डाण पाऊण तासाचं दिसतं, वेळापत्रकात मात्र दीड तास. अंतरही कुठे 560 किमी, कुठे 600. परतताना त्याच दिवशी प्लेझांसहून (मॉरिशसच्या मुख्य विमानतळावरून) मुंबईचं विमान पकडायचं म्हणतेय. मध्ये किती वेळ ठेवू? आईचे गुडघे दुखतात, धावपळ जमणार नाही. बोटीने कोणी गेलंय का?

प्रतिसाद १

दीड तासच धरा. त्या साइटी सरळ अंतराला मोठ्या जेटच्या वेगाने भागतात आणि मोकळ्या होतात. रॉड्रिग्जच्या प्लेन कोराय विमानतळाची धावपट्टी जेमतेम तेराशे मीटरची, त्यामुळे तिथे जातं ते एटीआर 72, पंख्याचं विमान. त्याचा वेग ताशी पाचशेच्या आसपास. विमानतळ ते विमानतळ साधारण 600 किमी, म्हणजे हवेतच सव्वा तास गेला. वर धावपट्टीपर्यंत सरपटत जाणं आलंच. 560 हा दोन बेटांमधला ढोबळ आकडा, तो सोडून द्या. घड्याळ दोन्हीकडे एकच आहे, भारताच्या दीड तास मागे.

पण तुमची खरी अडचण उड्डाणाच्या वेळेची नाहीच. विमान सत्तरेक सीटांचं. हवेमुळे एखादी फेरी रद्द झाली की पुढच्या फेरीत जागा मिळेलच असं नाही. सप्टेंबरात चक्रीवादळाची भीती नसते, तरी वारा असतोच. दोन्ही तिकिटं एकाच बुकिंगवर असतील तर चुकलेल्या विमानाची सोय कंपनी बघते. वेगवेगळी असतील तर प्लेझांसला पट्ट्यावरून बॅगा उचला, पुन्हा चेक-इन करा, मग इमिग्रेशन. रॉड्रिग्ज मॉरिशसचाच भाग, त्यामुळे देश सोडल्याचा शिक्का प्लेझांसलाच बसतो. आईंना घेऊन एवढी उस्तवार कशाला? आदल्या दिवशी परत या आणि माएबूरला मुक्काम करा, तिथून विमानतळ अगदी जवळ आहे.

प्रतिसाद २

बोटीचा विचारही करू नका. एका बाजूला दीड दिवस जातो आणि समुद्र खवळलेला असला तर आईंचे हाल.

एटीआरला मागच्या दाराने चढतात. त्या दाराचाच छोटा जिना होतो, मोजक्या पायऱ्या. सीट मागची घ्या, आत चालावं लागत नाही. आणि खिडकीची घ्या! बेट अवघं 108 चौरस किमी, पण भोवतालचं प्रवाळाच्या आतलं उथळ पाणी त्याच्या दुप्पट असेल. उतरताना हिरव्या-निळ्याच्या छटा बघून आई गुडघे विसरतील.

धागाकर्ती

दोघांनाही धन्यवाद. आदल्या दिवशीचंच तिकीट बघते, बहिणीलाही तेच बरं वाटतंय. व्हीलचेअर बुकिंग करतानाच सांगायची की काउंटरवर मिळते?

प्रतिसाद १

बुकिंग करतानाच सांगा, आणि निघायच्या दोन-तीन दिवस आधी फोन करून खात्री करा. मुंबईच्या तिकिटावर वेगळी नोंद करायला विसरू नका.