मदत हवी आहे: आईची लघवीची घाई, गोळी आणि विसरभोळेपणा

आईसाठी विचारतेय, वय ६७. वर्षभर झालं, लघवीची कळ आली की तिला दम धरवत नाही, रात्री पण सारखी उठते. भाजी घेऊन येताना रस्ताभर काही नसतं पण दारात उभी राहून पर्समध्ये किल्ली शोधायला लागली की एकदम कळ, कुलूप उघडेपर्यंत साडी ओली. बेसिनचा नळ सोडला तरी तेच. लघवीचं कल्चर, शुगर, सोनोग्राफी सगळं नॉर्मल. डॉक्टर म्हणाले ओव्हरॲक्टिव्ह ब्लॅडर, म्हणजे लघवीची पिशवी नको तेव्हा आवळते, त्यावर सोलिफेनासिन ५ एमजी गोळी दिली. फरक आहे, पण तोंड कोरडं पडतं, पोट साफ होत नाही, आणि हल्ली विसरते खूप, परवा तर कुकर लावला आणि आत पाणीच नाही! वयामुळे का गोळीमुळे? डॉक्टर घाईघाईत "हे मेंदूकडून असतं, सवय लावा" म्हणाले, तेव्हापासून आईने "मला वेड लागलंय" असंच धरलंय. पाणी कमी प्या सांगू नका प्लीज, करून झालंय, जळजळ वाढली फक्त.

प्रतिसाद १:
ताई, मी फिजिओ आहे, याच पेशंट्सबरोबर काम करते. काकूंना सांगा वेड वगैरे काही नाही. लघवीची पिशवी भरत आली की निरोप मज्जारज्जूतून मेंदूत जातो. लघवी सोडायचं बटण ब्रेनस्टेममध्ये, म्हणजे मेंदूच्या देठात, पॉन्स नावाच्या भागात असतं, आणि कपाळामागचा मेंदू त्यावर "आत्ता नको" म्हणून हात धरून असतो. तान्ह्या बाळात हा ताबा आलेलाच नसतो, वयाने किंवा स्ट्रोकनंतर तो सैल पडू शकतो. त्यात घराचं दार म्हणजे बाथरूम आलं अशी मेंदूने जोडी लावलेली असते, ती सरावाने सुटते. कळ आली की धावायचं नाही. थांबायचं, लघवी अडवायचे स्नायू पाचसहा वेळा पटापट आवळायचे-सोडायचे, त्याने पिशवीचा स्नायू ढिला पडतो, कळ ओसरली की मग सावकाश जायचं. दोन वेळांमधलं अंतर हळूहळू १५-१५ मिनिटांनी वाढवा. दोनतीन महिने धरा, आठवड्यात कंटाळून सोडतात लोक. चहा मात्र कमीच.

गोळीचं म्हणाल तर ती ॲसिटिलकोलिन या नसांचे निरोप पोचवणाऱ्या रसायनाला अडवते, आणि स्मरणशक्तीला तेच रसायन लागतं, त्यामुळे या वयात शंका घ्यायलाच हवी. याच त्रासावरची दुसरी गोळी, मिराबेग्रॉन, वेगळ्या प्रकारे काम करते पण बीपी बघावं लागतं. मनाने बंद करू नका, डॉक्टरांशी बोला. आणि चालताना पाय जमिनीला चिकटल्यासारखे होत असतील तर न्यूरॉलॉजिस्टकडे लगेच.

धागाकर्ती:
चालणं ठीक आहे. बीपी काठावर असतं. पायाच्या मुंग्यांसाठी दुसऱ्या डॉक्टरांची ॲमिट्रिप्टिलिन रात्री चालू आहे, तिचा काही संबंध?

प्रतिसाद १:
आहे ना! तीही ॲसिटिलकोलिन अडवते, म्हणजे डबल भार झाला. दोन्ही पाकिटं एकाच डॉक्टरांसमोर ठेवा.