गुरुत्वाकर्षण खरंच 'बल' आहे की एन्ट्रॉपीचा खेळ?

ताणलेलं_रबर
कोथिंबिरीच्या जुडीचं रबर घ्या, खिळ्याला अडकवा आणि खाली एक कुलूप टांगा. आता रबरावर हेअर ड्रायरचा गरम झोत सोडा. गरम केलं की वस्तू प्रसरण पावते, म्हणजे कुलूप खाली यायला हवं. ते वर जातं! काल रात्री करून बघितलं, साधारण दोन मिलिमीटर. (केस कोरडे असताना ड्रायर कशाला, या प्रश्नाला घरी अजून उत्तर दिलेलं नाही.)

रबरातल्या रेणूंच्या साखळ्या ताणल्यावर सरळ होतात. सरळ राहण्याच्या तऱ्हा मोजक्या, गुंतून पडण्याच्या अगणित. उष्णतेचे धक्के बसले की त्या पुन्हा गुंततात आणि रबर आखडतं. ओढणारं आत कुणीच नाही, आहे ती नुसती शक्यतांची मोजदाद. या मोजदादीचं माप म्हणजे एन्ट्रॉपी, म्हणून याला म्हणतात एन्ट्रॉपिक बल.

माझं म्हणणं, गुरुत्वाकर्षणही याच जातीचं आहे. १९९५ साली भौतिकशास्त्रज्ञ टेड जेकबसन यांनी क्षितिजाची (म्हणजे जिच्यापलीकडून प्रकाशही आपल्यापर्यंत पोचत नाही अशा सीमेची) एन्ट्रॉपी त्याच्या क्षेत्रफळाच्या प्रमाणात धरली आणि उष्मागतिकीच्या साध्या नियमातून थेट आइन्स्टाइनची समीकरणं काढली. २०१० मध्ये भौतिकशास्त्रज्ञ एरिक व्हर्लिंड यांनी न्यूटनचा नियमही तसाच काढून दाखवला. चार मूलभूत बलांच्या यादीतून हे नाव आता खोडायला हवं. बोला!

आडदांड_न्यूट्रॉन
सपशेल असहमत, रबरराव.

व्हर्लिंडची मांडणी नीट बघा. वस्तूभोवती एक काल्पनिक पडदा, त्यावर माहितीचे बिट. किती बिट? क्षेत्रफळ गुणिले c चा (प्रकाशाच्या वेगाचा) घन, भागिले G (गुरुत्व स्थिरांक) आणि ħ (प्लँक स्थिरांक). हा G कुठून आला? आधीच खिशात घालून आणलेला! मग शेवटी टोपीतून न्यूटनचा नियम काढून दाखवायचा आणि टाळ्या घ्यायच्या.

आणि प्रयोगाचं काय? २००२ साली फ्रान्समध्ये ग्रेनोबलला अतिमंद न्यूट्रॉन आरशावर सोडले, तेव्हा पृथ्वीच्या गुरुत्वाकर्षणातल्या त्यांच्या क्वांटम पायऱ्या, म्हणजे ठरावीकच ऊर्जेच्या अवस्था, दिसल्या. सर्वांत खालची पायरी साधारण १४ मायक्रॉनवर. प्रत्येक उंचीवर न्यूट्रॉनला एन्ट्रॉपीची सरमिसळ चिकटत असती तर या पायऱ्या अशा शाबूत राहिल्या नसत्या. भौतिकशास्त्रज्ञ कोबाखिद्झे यांचा आक्षेप हाच आहे.

ताणलेलं_रबर
त्या आक्षेपावर प्रतिवादही छापून आला आहे, तो सोयीस्कर विसरलात. G चा मुद्दा मात्र लागला, तेवढा मान्य.

पाषाणकर
आपल्या पुण्यातलं नाव कुणीच घेतलं नाही म्हणून लिहितोय. आयुका या खगोलशास्त्र संशोधन संस्थेतले थानू पद्मनाभन व्हर्लिंडच्या पेपरच्या कितीतरी आधीपासून गुरुत्वाकर्षण आणि उष्मागतिकीच्या नात्यावर काम करत होते. २०२१ मध्ये गेले. त्यांची भूमिका इथल्या दोन्ही पैलवानांपेक्षा सावध होती. पाण्याला दाब असतो, प्रवाह असतो. एकट्या रेणूला यातलं काहीच नसतं. अवकाशकालाचंही तसंच असावं, आणि आइन्स्टाइनची समीकरणं ही त्या 'पाण्या'ची समीकरणं असावीत. यात न्यूटनचं बल रबरासारखं ओढतं असा दावा करावाच लागत नाही. तुम्ही दोघं भांडताय रबरावरून, खरा मुद्दा पाण्याचा आहे.

शंकासूर
भौतिकशास्त्र बारावीनंतर सुटलं, तरी विचारतो. मग विद्युतचुंबकीय बल पण एन्ट्रॉपीच का नाही? यादीतून एकालाच का काढताय?

पाषाणकर
@शंकासूर, चांगला प्रश्न. विद्युतप्रभार काहींना असतो, काहींना नसतो, आणि असला तरी धन किंवा ऋण. गुरुत्वाकर्षण कुणालाच सोडत नाही, प्रकाशालाही नाही. म्हणूनच त्याला क्षितिज असतं, आणि क्षितिज आलं की एन्ट्रॉपी आली. सूर्याएवढ्या वस्तुमानाच्या कृष्णविवराची एन्ट्रॉपी, बोल्ट्झमन स्थिरांकाच्या एककात, दहाच्या ७७व्या घाताएवढी भरते. आपल्या सूर्याची त्यापुढे किस झाड की पत्ती! असलं काही विद्युतबलाच्या वाट्याला येत नाही.

आडदांड_न्यूट्रॉन
छान. पण रबराची एन्ट्रॉपी तुम्ही सिद्ध कशी केलीत? ड्रायरने! कुलूप तेच ठेवून तापमान वाढवलं आणि रबर आखडलं. स्टीलच्या स्प्रिंगवर तोच झोत सोडा, कुलूप वर येणार नाही.

आता गुरुत्वाकर्षणाला ड्रायर कुठे लावणार? व्हर्लिंड वापरतात ते उन्रू तापमान (त्वरणात असलेल्याला रिकाम्या अवकाशातही जाणवावं असं) त्वरणावरूनच ठरतं. पृथ्वीवरच्या ९.८ मी/से² त्वरणासाठी ते केल्विनच्या ४ × १०⁻²⁰ पट. त्वरण तेच ठेवून हे तापमान वेगळं वाढवायची सोयच नाही. जो फरक मोजताच येत नाही, त्याच्या जोरावर यादीत खाडाखोड करायची?

ताणलेलं_रबर
हे मात्र बोचलं. माझी रबराची उपमा इथे तुटते, हे कबूल. तरी जेकबसन यांचं गणित उपमेवर उभं नाही. तिथे बल नाही, ओढ नाही, क्षितिजातून जाणारी उष्णता आणि क्षेत्रफळ एवढंच. ते नुसता योगायोग म्हणून सोडून द्यायला मी तयार नाही.

आडदांड_न्यूट्रॉन
योगायोग मीही म्हणत नाहीये. 'खोडा' म्हणालात, त्याला विरोध आहे. पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढा, चालेल.

शंकासूर
स्प्रिंग मी आत्ता करून बघितली. कुलूप ढिम्म हललं नाही. तापलंय मात्र चांगलंच, दहा मिनिटं हात लावू नका.